बॉनम की पर्ट, आणि यादीत रिंगो कशाला?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नाशिकला तुमचा चौघांचा कॉलेजचा बँड आहे. रॉकमधला सर्वांत मोठा ड्रमर कोण यावरून भांडण झालं आणि त्या दिवशीची प्रॅक्टिस बोंबलली. तू लेड झेपेलिनच्या जॉन बॉनमच्या बाजूने, गिटारवाला रशच्या नील पर्टच्या बाजूने, आणि बीटल्सच्या रिंगो स्टारचं नाव निघालं की तुमचा गायक हसतो. बासवाला गप्प. (बासवाले गप्पच असतात.) हरणाऱ्याने मिसळ द्यायची असं ठरलंय आणि निकाल माझ्या गळ्यात घातलाय.

मी २७ वर्षं ड्रम वाजवतोय. लग्नातले ऑर्केस्ट्रे, कॉलेजांची गॅदरिंग्ज, पबमधले कव्हर बँड, सगळं झालं. गेली १५ वर्षं पुण्यात शिकवतोय. तेव्हा आडपडदा न ठेवता सांगतो: माझं मत बॉनमला. पण तू जे कारण दिलंयस, ‘त्याच्याइतकं जोरात कोणीच वाजवलं नाही’, ते कारण मला अजिबात पटत नाही. जोरात तर आमच्या गल्लीतलं ढोलपथकही वाजवतं.

‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ घे. १९७१ चं गाणं, त्यांच्या चौथ्या अल्बममधलं शेवटचं. इंग्लंडमध्ये हॅम्पशायरला हेडली ग्रेंज नावाचं एक जुनं, ओलसर घर होतं, तिथे रेकॉर्डिंग चाललेलं. ड्रम ठेवले जिन्याखालच्या मोकळ्या चौकात. अँडी जॉन्स या इंजिनिअरने दोन माइक वरच्या मजल्यावरून खाली लोंबकळत सोडले. ड्रमच्या तोंडाशी एकही माइक नाही. जो आवाज तुला ‘जोरात’ वाटतो, तो निम्मा त्या जिन्याचा आहे. बॉनमला ड्रम मोकळे, घुमणारे लागायचे. आत उशा-गोधड्या कोंबून आवाज बसवलेला त्याला आवडत नसे. आणि असा घुमणारा ड्रम नुसता बडवला तर आवाज कोंडतो, हात मनगटातून सोडला तर फुलतो.

हा प्रयोग मी केलाय. आमच्या सोसायटीच्या जिन्यात स्नेअर (समोरचा खणखणीत ड्रम) आणि बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा) मांडला, दुसऱ्या मजल्यावरून माइक सोडला आणि जीव खाऊन वाजवलं. रेकॉर्डिंग ऐकलं तर कोणीतरी पत्र्याची पिंपं गडगडत खाली सोडल्यासारखा आवाज. मग हळू वाजवलं, साधारण बोलण्याच्या आवाजाच्या वर थोडं. तेव्हा कुठे जिना बोलायला लागला. तेवढ्यात सेक्रेटरी बोलायला लागले, आणि संशोधन तिथेच थांबलं.

‘लेव्ही’ची लय मेट्रोनोमवर मिनिटाला सत्तर ठोक्यांच्या आसपास आहे. इतक्या संथ लयीत दोन ठोक्यांमध्ये केवढी तरी जागा उरते. नवशिका ती जागा बघून घाबरतो आणि काहीतरी भरून टाकतो. बॉनम ती तशीच राहू देतो, वर स्नेअरचा ठोका केसभर उशिरा पाडतो. लय ढळत नाही, पण गाणं मागे रेलून बसल्यासारखं वाटतं. ही गोष्ट लिहून शिकवता येत नाही. मी विद्यार्थ्यांना फक्त एवढंच सांगतो की स्नेअर ‘टाकू’ नको, ‘पडू’ दे.

आता उजवा पाय. ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’ हे १९६९ च्या पहिल्या अल्बममधलं पहिलंच गाणं. बॉनम तेव्हा २० वर्षांचा होता. त्यात ट्रिप्लेटमधले, म्हणजे एका मात्रेतल्या तीन सारख्या ठोक्यांमधले, शेवटचे दोन ठोके तो बास ड्रमवर घेतो, एका पायाने, एका पॅडलवर. तेव्हा अनेक ड्रमर्सना वाटलं की दोन बास ड्रम आहेत. मी ते बसवायला घेतलं तेव्हा पहिले तीन महिने फक्त पोटरी दुखली, दुसरं काही झालं नाही. मग लक्षात आलं की दोन्ही ठोके मारायला गेलास तर जमत नाही. पहिल्या ठोक्यानंतर पाय किंचित पुढे सरकतो आणि दुसरा त्याच हालचालीत निघतो, हातावर एका मनगटात दोन ठोके काढतो तसा. पण खरी मजा तांत्रिक करामतीत नाहीच. ते दोन ठोके गिटारच्या तुटक वाक्यांच्या मधल्या फटींत बसवलेत. काढून टाक आणि गिटार एकटी वाजव, अर्धवट प्रश्न विचारल्यासारखी वाटते.

माझी एक फजितीही सांगून टाकतो. झेपेलिनच्या ‘रॉक अँड रोल’ची सुरुवात एकट्या ड्रमवर आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला मी ती वाजवली, माझ्या मते झकास, आणि गिटारवाला अर्धी मात्रा घसरून आत आला. पुढचे आठ बार, म्हणजे चार-चार मात्रांची आवर्तनं, आम्ही एकमेकांना शोधत होतो. सगळ्यांनी गिटारवाल्याला शिव्या घातल्या. चूक माझी होती. ती सुरुवात ‘एक’वर नाहीच. ती आदल्या बारमधल्या तीननंतरच्या अर्ध्यावर सुरू होते, मुखडा समेच्या आधी उचलतात तशी. मी पहिला ठोका ‘एक’ धरून मोजला होता. आणि ही कल्पनाही बॉनमची नव्हे. लिटल रिचर्डच्या १९५७ च्या ‘कीप अ नॉकिन’मध्ये त्याचा ड्रमर चार्ल्स कॉनरने जवळजवळ तेच वाजवलंय. बॉनमने ते सरळ उचललं. मोठे लोक उचलतातच. झेपेलिनच्याच ‘फूल इन द रेन’चा शफल, म्हणजे डुलता ठेका, ऐक. तो न्यूयॉर्कचा ड्रमर बर्नार्ड पर्डीचा. स्नेअरवरचे ऐकू येतील न येतील असे बारीक ठोके, आणि मधोमध एकच ठसठशीत. पर्डीने तो स्टीली डॅन बँडच्या ‘होम ॲट लास्ट’मध्ये १९७७ साली वाजवला, बॉनमने १९७९ मध्ये स्वतःच्या वजनाने वाजवला, आणि १९८२ मध्ये टोटो बँडच्या जेफ पोर्कारोने दोघांचं घेऊन त्यात बो डिडलीचा ठेका मिसळून ‘रोझॅना’ केलं. हे त्याने स्वतःच व्हिडिओवर वाजवून, कुणाकडून काय घेतलं ते सांगत दाखवलंय. आपल्याकडे याला घराणं म्हणाले असते.

बरं, पर्ट. तुमच्या गिटारवाल्याचं ऐकून घ्यायला हवं, कारण त्याचं म्हणणं पोरकट नाही. पर्ट १९७४ मध्ये रशमध्ये आला आणि तेव्हापासून त्या बँडच्या बहुतेक गाण्यांचे शब्दही त्यानेच लिहिले. बसवून, कोरून, पाठ करून वाजवणारा माणूस. ‘टॉम सॉयर’मधला फिल (दोन ओळींमधली ड्रमची भरणी) जगभरची पोरं हवेत हात मारत वाजवतात, ते उगीच नाही. पण मला त्यांचं ‘वाय वाय झेड’ जास्त आवडतं, आणि त्याचं कारण अस्सल मराठी आहे. वाय वाय झेड हे टोरोंटोच्या विमानतळाचं संकेतनाम. ते मोर्स कोडमध्ये लिहिलं की जे लांब-आखूड येतं, तोच या तुकड्याचा सुरुवातीचा ठेका. शाळेत वृत्तं शिकला असशील तर लांबला ‘गा’ आणि आखूडला ‘ल’ म्हण: गालगागा गालगागा गागालल. मात्रा मोज. सात, सात, सहा. वीस. सोळाव्या भागाच्या, म्हणजे एका ठोक्यात चार अशा, वीस मात्रा म्हणजे पाच ठोक्यांचा बार, आणि तो तुकडा बरोब्बर पाचातच आहे. मराठीच्या बाई वर्गात टाळ्या वाजवून गण पाडायला लावायच्या, तेव्हा कोणी हे सांगितलं असतं तर माझे पाच मार्क वाढले असते.

पर्टची एक गोष्ट मात्र मी प्रत्येक नव्या बॅचला सांगतो. चाळिशी उलटल्यावर, जगातल्या याद्यांत नाव झाल्यावर, तो फ्रेडी ग्रुबर नावाच्या जॅझच्या जुन्या मास्तरांकडे शिकायला गेला. वाजवणं फार ताठ, घड्याळासारखं झालंय असं त्यालाच वाटत होतं. स्टिक धरण्याची पद्धत बदलली, बैठक बदलली, रोजचा रियाझ पहिल्यापासून सुरू केला. म्हणजे तुमचा गिटारवाला पर्टमधल्या ज्या अचूकपणाची आरती ओवाळतो, तोच अचूकपणा पर्टला खुपत होता. ही गोष्ट त्याला जरूर सांग.

पर्टला मत न देण्याचं माझं कारण वेगळं आहे. आपली मुलं, विशेषतः ज्यांच्या घरात तबला आहे ती, ड्रमर ऐकताना सोलो ऐकतात. कायदा, रेला, तिहाई, समेवर येऊन दाद. ती सवय चांगलीच आहे. पण तोच तबलजी ख्यालाच्या साथीला बसला आणि विलंबित एकतालात सगळ्या जागा भरत सुटला, तर गायक मान वळवून कसा बघतो ते तू पाहिलं असशील. रॉकचा ड्रमर दिवसाचे तेवीस तास साथीला असतो. पर्ट ज्या बँडमध्ये होता तिथे तिघेही जण सतत बोलत असायचे, त्यामुळे त्याचं भरगच्च वाजवणं तिथे शोभलं. त्याला दुसऱ्या कुठल्या बँडमध्ये बसवून बघ, जागा सापडत नाही. बॉनमला जागा करावी लागत नाही.

आता गायकाचं हसणं. रिंगोवर हसणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य असतंच, की रिंगो बीटल्समधलासुद्धा सर्वांत चांगला ड्रमर नव्हता, आणि ते बीटल्सच्याच जॉन लेननच्या नावावर खपवतात. लेनन असं कधी बोलल्याचं कुठेही सापडत नाही. तो विनोद लेनन गेल्यानंतर, ऐंशीच्या दशकात, ब्रिटिश कॉमेडी कार्यक्रमांतून आला. तेवढं गायकाला कळव.

रिंगो डावखुरा, पण उजव्या हाताच्या मांडणीवर बसतो. हे वाचून सोडून देऊ नको, करून बघ. उजव्या हाताचा माणूस फिल घेताना स्नेअरवरून निघून डावीकडून उजवीकडे टॉमवर (बाजूच्या घुमणाऱ्या ड्रम्सवर) उतरतो, हात आपोआप पुढे सरकतात. डावखुऱ्याचा पुढाकार डाव्या हाताचा. तो स्नेअरवरून पुढच्या टॉमवर जायला गेला की मध्ये स्वतःचाच उजवा हात आडवा येतो. मग तो थांबतो, वळसा घेतो, एक ठोका गाळतो. ‘कम टुगेदर’ची सुरुवात ऐक. हाय-हॅटवरून (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवरून) घरंगळत टॉमवर उतरणारं ते वाक्य उजव्या हाताच्या ड्रमरला सुचतच नाही, कारण त्याला तशी अडचणच येत नाही. वर टॉमवर त्याने स्वयंपाकघरातली फडकी टाकलेली, त्यामुळे आवाज ओल्या मातीत पाय पडल्यासारखा. ‘रेन’ हे १९६६ चं गाणं तर तो स्वतः आपलं सर्वांत चांगलं काम मानतो. ते आधी भरभर वाजवून मग टेप हळू केली, म्हणून त्यातले ड्रम असे जड, झिंगलेले येतात.

आणि हा माणूस बीटल्समध्ये आला १९६२ च्या ऑगस्टमध्ये, सप्टेंबरमध्ये ‘लव्ह मी डू’च्या रेकॉर्डिंगला गेला तर समोर अँडी व्हाइट हा भाड्याचा ड्रमर बसलेला, आणि याच्या हातात डफली. असा अपमान पहिल्याच महिन्यात गिळून पुढे आठ वर्षं जो टेकमागून टेक लय न सोडता वाजवतो, त्याच्यावर हसण्याआधी तुमच्या गायकाने मेट्रोनोमवर चार मिनिटं टाळी धरून दाखवावी.

मी क्लासमध्ये एक परीक्षा घेतो. गाण्यातलं बाकी सगळं काढून नुसते ड्रम चार बार वाजवायचे आणि बाकीच्यांनी गाणं ओळखायचं. रिंगो इथे भरभरून पास होतो: ‘कम टुगेदर’, ‘टिकेट टू राइड’. ‘द पोलीस’ या बँडचा स्ट्युअर्ट कोपलंड पास होतो, नुसत्या हाय-हॅटवर. हॅल ब्लेनचं तर तीन ठोके किक (म्हणजे बास ड्रम) आणि एक स्नेअर, की लगेच ‘बी माय बेबी’, १९६३. हा ब्लेन लॉस एंजेलिसचा स्टुडिओतला माणूस. शेकडो हिट गाणी वाजवली, पण रेकॉर्डच्या पाकिटावर बहुधा नावच नसायचं. रोलिंग स्टोन मासिकाने २०१६ मध्ये शंभर ड्रमर्सची यादी काढली, तिच्यात पहिले चार बॉनम, कीथ मून, जिंजर बेकर आणि पर्ट, आणि पाचवा हा. गिटारवाल्याला विचार, नाव ऐकलंय का.

माझ्या परीक्षेत खोट आहे, हेही कबूल करतो. एसी/डीसीचा फिल रड तिच्यात सपशेल नापास. त्याचा ठेका म्हणजे किक, स्नेअर, किक, स्नेअर. कुठलंही गाणं असू शकतं. पण ‘बॅक इन ब्लॅक’ त्याच्यासारखं वाजवून दाखव म्हटलं की दोन-दोन बास ड्रमवर धडाधड वाजवणारी पोरं तिसऱ्या मिनिटाला पळायला लागतात किंवा कंटाळून क्रॅशची मोठी झांज मारतात. रडला कंटाळा येत नाही. रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्सही त्याच जातीचा, पण अधिक नाजूक. त्याचा व्हिडिओ लाव आणि फक्त उजवा हात बघ. दर वेळी स्नेअर पडतो तेव्हा तो हात हाय-हॅटवरून उचललेला असतो, त्या ठोक्याला हाय-हॅट वाजतच नाही. स्नेअरला वाट करून दिल्यासारखं. मी ते मुद्दाम करायला गेलो तर दोन दिवस माझे दोन्ही हात भांडत होते. आणि वॉट्सलाही सगळं जमत होतं असं नाही. ‘यू कान्ट ऑलवेज गेट व्हॉट यू वॉन्ट’चा ठेका त्याला सापडेना, तेव्हा निर्माता जिमी मिलरनेच ड्रमवर बसून ते वाजवलं. रेकॉर्डवर मिलरच आहे.

मून आणि बेकर यांच्यावर थोडक्यातच. क्रीम बँडचा जिंजर बेकर स्वतःला जॅझचा माणूस समजायचा, रॉक ड्रमर म्हटलेलं त्याला खपत नसे आणि बॉनम-मूनबद्दल तो अद्वातद्वा बोलायचा. सत्तरच्या दशकात नायजेरियात लागोसला जाऊन त्याने स्टुडिओ थाटला आणि तिथला संगीतकार फेला कुटीबरोबर वाजवलं. त्याचं नाव रॉकच्या यादीत घालून आपण त्याचा आत्मा तळमळत ठेवतो, एवढंच.

द हूचा कीथ मून मी क्लासमध्ये शिकवत नाही. तो बासच्या मागे जात नाही, गायकाच्या मागे जातो. हाय-हॅट जवळजवळ विसरलेला, सगळा वेळ पूर आल्यासारखा टॉमवर. पण ‘बाबा ओ’रायली’ ऐक. आधी टेपवर ऑर्गनची एकसुरी चक्री, आणि हा बेफाम माणूस तिच्याशी बांधला गेलेला. मैफलीत त्याला त्या टेपबरोबर राहायला कानाला हेडफोन लावावे लागायचे. त्या चौकटीत तो जे वाजवतो ते मला त्याच्या बाकी सगळ्या धिंगाण्यापेक्षा आवडतं. (यातले बाबा म्हणजे पुण्यात जन्मलेले आणि नगरजवळ मेहेराबादला समाधी असलेले मेहेरबाबा. द हूचा गिटारवाला पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली, किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य.) मून १९७८ मध्ये गेला, बॉनम १९८० मध्ये, दोघेही ३२ वर्षांचे. मूननंतर द हूने दुसरा ड्रमर घेतला, आणि १९९६ पासून पुढे कितीतरी वर्षं तिथे झॅक स्टार्की बसला, म्हणजे रिंगोचा मुलगा, ज्याला लहानपणी ड्रमसेट मूननेच दिला होता. गायकाला हेही सांग. बॉनमनंतर मात्र झेपेलिनने बँड बंद केला. लंडनला २००७ मध्ये एका रात्रीपुरते परत आले, तेव्हा मागे बॉनमचा मुलगा जेसन होता.

बाकी नावं तुम्ही घेतलीच नाहीत, म्हणून मीही लांबवत नाही. पण वेल्व्हेट अंडरग्राउंडची मो टकर उभी राहून, बास ड्रम आडवा पाडून वाजवायची, ती ऐकाच. आणि टूल बँडचा डॅनी कॅरी रीतसर तबला शिकलाय, तो तुमच्या घरच्या तबलावाल्यांना ऐकवा.

शेवटी एक रेकॉर्डिंग सुचवतो, त्यावर तुमचं भांडण नव्याने करा. झेपेलिनचं ‘फोर स्टिक्स’ हे नाव पडलं कारण ते बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन स्टिक धरून वाजवलं. पाच आणि सहाच्या हिशेबात लंगडत जाणारा ठेका, आणि चार काठ्यांचा खडखडाट. १९७२ मध्ये झेपेलिनचा गिटारवाला जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लँट मुंबईत आले आणि त्यांनी इथल्या वादकांना घेऊन तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. बॉनम त्यात नाही. ते अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं, आता सहज मिळतं. आधी मूळचं ऐका, लगेच मुंबईचं. मुंबईच्या वादकांना कमी लेखण्याचा प्रश्नच नाही, ते आपापल्या कामात तयार लोक. सूर आहे, रंग आहे, तालवाद्यांचं काम गोड आहे. पण मूळ गाण्यात कोणीतरी दार फोडतंय असं वाटत राहतं, आणि मुंबईत ते दार उघडंच आहे. चार काठ्या काढून घेतल्या तर गाणं उरतं, फक्त ते दुसरंच गाणं असतं.

तेव्हा मिसळ पर्टवाल्याकडून. जादा पावाचे पैसे रिंगोला हसणाऱ्याकडून घ्या. आणि बासवाल्याला एकदा विचारा की त्याला कोणाबरोबर वाजवायला आवडेल.